अमेरिकेच्या बड्या बँका वाचायला शिकूया: नवख्यांसाठी पायरीपायरीने

जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. या चार महिन्यांच्या मध्यावर अमेरिकेतल्या बड्या बँकांचे तिमाही निकाल लागतात आणि दिवसभर मथळे येत राहतात. अमक्या बँकेचा नफा वाढला, तमकीने बुडीत कर्जांसाठी जादा तरतूद केली, तिसरीच्या व्याजाच्या उत्पन्नात घट. मुंबईत बसून अमेरिकी शेअर बाजारात थोडे पैसे घालणारा असो, नाहीतर न्यू जर्सीत नुकतीच नोकरी लागलेली मुलगी, मथळा वाचून दोघांच्याही हाती फारसं काही लागत नाही. हा लेख अशा वाचकांसाठी आहे. अर्थशास्त्राची पदवी लागणार नाही. साधी बेरीज-वजाबाकी आणि एक निवांत संध्याकाळ पुरेल.

सगळ्या पायऱ्यांना पुरणारं एक सूत्र आधीच सांगतो. बँकेने पैसे कुणाला दिले, हे सगळेच विचारतात. तुम्ही आधी हे विचारा, की बँकेकडे असलेले पैसे कुणाचे आहेत आणि ते लोक किती लवकर परत मागू शकतात. गेल्या शंभरेक वर्षांत अमेरिकेत जी मोठी बँक कोसळली, तिच्या कोसळण्याचा शेवटचा अंक बहुतेक वेळा याच प्रश्नापाशी घडला आहे.

पहिली पायरी: चार नावं आणि त्यांचं आकारमान

आधी एकक पक्कं करा. अमेरिकी बातम्यांतला एक ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी आणि एक बिलियन म्हणजे एक अब्ज, शंभर कोटी. हे डोक्यात बसलं नाही तर पुढचा प्रत्येक आकडा हजारपटीने चुकतो.

२०२४ च्या अखेरीस जेपी मॉर्गन चेजची एकूण मालमत्ता सुमारे ४ लाख कोटी डॉलर होती. बँक ऑफ अमेरिकेची सुमारे ३.२६, सिटीग्रुपची सुमारे २.३५ आणि वेल्स फार्गोची सुमारे १.९३ लाख कोटी. या चौघींनाच 'बिग फोर' म्हणतात. गोल्डमन सॅक्स आणि मॉर्गन स्टॅनली आकाराने त्यांच्या मागोमाग येतात, पण त्यांचा मूळ धंदा वेगळा आहे; त्याकडे दुसऱ्या पायरीत येऊ. त्यानंतर मात्र मोठी दरी आहे. यू.एस. बँक, पीएनसी, ट्रुइस्ट, कॅपिटल वन ही नावं अमेरिकेत घराघरांत माहीत असली, तरी त्यांचं आकारमान लाख कोटींच्या आतच राहत आलं आहे. आणि त्यांच्याही खाली, गावोगावच्या धरून, ठेव विमा असलेल्या एकूण सुमारे साडेचार हजार बँका.

एक सावधगिरी इथेच. 'जेपी मॉर्गन एकटी भारताच्या अर्थव्यवस्थेएवढी' अशा छापाचे संदेश फिरत असतात. बँकेची मालमत्ता हा एका दिवशी मोजलेला साठा असतो. देशाचं सकल उत्पादन हे वर्षभरातल्या कमाईचं मोजमाप. दोन आकडे जवळपास आले म्हणून त्यांची तुलना होत नाही. बँकेची मालमत्ता म्हणजे तिची श्रीमंतीही नव्हे, कारण त्यातला फार मोठा भाग ठेवीदारांचा असतो.

आपल्याकडच्या माणसाला प्रश्न पडतो, एवढ्या प्रगत देशात हजारो बँका कशाला? उत्तर कायद्यात आहे. १९२७ च्या मॅकफॅडन कायद्याने आणि राज्याराज्यांच्या नियमांनी बँकांना स्वतःच्या राज्याबाहेर शाखा काढणं अनेक दशकं जवळजवळ अशक्य करून ठेवलं होतं. मोठ्या बँकांच्या हाती फार सत्ता जाऊ नये, ही भीती अमेरिकी राजकारणात फार जुनी आहे. १९९४ च्या रीगल-नील कायद्याने ही कुंपणं काढली आणि विलीनीकरणांची रांग लागली. एकट्या १९९८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या नेशन्सबँकेने बँक ऑफ अमेरिका घेऊन तिचंच नाव लावलं, मिनेसोटातल्या नॉरवेस्टने वेल्स फार्गो घेऊन तिचं नाव लावलं, आणि सिटीकॉर्प व विमा कंपनी ट्रॅव्हलर्स एकत्र येऊन सिटीग्रुप झाला. २००० च्या अखेरीस चेज मॅनहॅटन आणि जे. पी. मॉर्गन एक झाल्या. म्हणजे आज दिसणाऱ्या चारही बँकांचं सध्याचं रूप जेमतेम पाव शतकाचं आहे. जुनी आहेत ती नावं.

त्याच १९९४ च्या कायद्यात एक मर्यादाही आहे. देशातल्या एकूण ठेवींपैकी १० टक्क्यांहून जास्त ठेवी आपल्याकडे येतील, अशा रीतीने एखाद्या बँकेला दुसरी बँक विकत घेता येत नाही. बुडणाऱ्या बँकेच्या बाबतीत मात्र अपवाद होऊ शकतो. हा अपवाद लक्षात ठेवा.

दुसरी पायरी: एका पाटीखाली किती धंदे?

रस्त्यावर दिसणारी चेजची शाखा म्हणजे जेपी मॉर्गन नव्हे. बड्या अमेरिकी बँकेत साधारण चार धंदे एकत्र नांदतात. पहिला सामान्य ग्राहकांचा: बचत आणि चेकिंग (रोजच्या व्यवहारांची) खाती, क्रेडिट कार्ड, गृहकर्ज, वाहनकर्ज. दुसरा कंपन्यांचा: खेळतं भांडवल, पगार आणि देणी इकडून तिकडे पाठवण्याची व्यवस्था. तिसरा गुंतवणूक बँकिंगचा: शेअर आणि रोखे विकून कंपन्यांना भांडवल उभारून देणं, विलीनीकरणात सल्ला देणं, बाजारात खरेदी-विक्री करणं. चौथा धनिकांची आणि पेन्शन फंडांची संपत्ती सांभाळण्याचा.

१९२९ च्या शेअर बाजारातल्या घसरगुंडीनंतर १९३३ मध्ये ग्लास-स्टीगल कायदा झाला आणि ठेवी घेणारी बँक व शेअर बाजारात वावरणारी बँक यांच्यात भिंत उभी राहिली. मॉर्गन स्टॅनलीचा जन्म १९३५ चा, तो या भिंतीमुळेच. जे. पी. मॉर्गनच्या पेढीने ठेवी-कर्जाची बाजू निवडली, म्हणून तिथल्या काही जणांनी बाहेर पडून रोखे विकण्याची वेगळी संस्था काढली. १९९९ मध्ये ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याने ही भिंत काढून टाकली. सिटीग्रुप त्याच्या आदल्याच वर्षी बँक आणि विमा कंपनी एका छपराखाली आणून मोकळा झाला होता. कायदा मागून आला.

तेव्हा एखाद्या बँकेचा नफा वाढला असं वाचलंत की लगेच विचारा: कुठल्या धंद्यात? बाजारात उलथापालथ झाली की खरेदी-विक्रीच्या विभागाची कमाई वाढू शकते आणि त्याच तिमाहीत कार्डधारकांची थकबाकीही वाढत असू शकते. एकूण आकड्यात दोन्ही एकमेकांना झाकतात.

चौघींचे स्वभाव वेगळे आहेत. वेल्स फार्गो सर्वात देशी: ठेवी, कर्जं, अमेरिकी ग्राहक. बँक ऑफ अमेरिकेकडे अफाट ग्राहकसंख्या आहे, सुमारे ६.९ कोटी व्यक्ती आणि छोटे व्यावसायिक, आणि सोबत शेअर-दलाली व गुंतवणुकीचा धंदा करणारी मेरिल लिंच. जेपी मॉर्गन चारही धंद्यांत पहिल्या रांगेत. सिटी सर्वात जगभर पसरलेली. बहुराष्ट्रीय कंपन्यांचे पैसे देशोदेशी फिरवणं ही तिची खरी ताकद. भारताशी तिचा संबंध १९०२ पासूनचा. १ मार्च २०२३ ला सिटीने भारतातली कार्डं, बचत खाती आणि किरकोळ कर्जांचा धंदा अ‍ॅक्सिस बँकेला सोपवला, म्हणून अनेकांना वाटतं की सिटी भारतातून गेली. कंपन्यांचा धंदा तिने ठेवलेला आहे. आणि २००८ च्या संकटात, डिसेंबर २००७ पासून ऑक्टोबर २०१२ पर्यंत, या बँकेचं प्रमुखपद नागपुरात जन्मलेल्या विक्रम पंडितांकडे होतं.

शाखा नसलेल्या दोन बँकाही ओळखून ठेवा: बीएनवाय, जिची मुळं १७८४ च्या बँक ऑफ न्यूयॉर्कपर्यंत जातात, आणि बॉस्टनची स्टेट स्ट्रीट. फंडांचे शेअर-रोखे सांभाळून ठेवणं, म्हणजे कस्टडी, हे यांचं मुख्य काम. सामान्य माणसाला त्या दिसत नाहीत, पण त्या दिवसभर बंद पडल्या तर जगभरचे बाजार अडतील. म्हणून जागतिक पातळीवर महत्त्वाच्या मानलेल्या बँकांच्या यादीत अमेरिकेच्या आठ बँका आहेत: बिग फोर, गोल्डमन, मॉर्गन स्टॅनली आणि या दोघी.

तिसरी पायरी: ताळेबंद खालून वर वाचा

ही सर्वात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा थांबूया.

अमेरिकी ताळेबंदात मालमत्ता वर छापतात आणि देणी व भागभांडवल खाली. नवखा माणूस वरून सुरू करतो आणि कर्ज, रोखे, रोकड यांच्या यादीत हरवतो. तुम्ही खालून सुरू करा. जेपी मॉर्गनचा २०२४ अखेरचा ताळेबंद घ्या. एकूण ४ लाख कोटींपैकी ठेवी सुमारे २.४ लाख कोटी, आणि भागधारकांचं स्वतःचं भांडवल सुमारे ३४५ अब्ज डॉलर. म्हणजे बँकेच्या दर १०० डॉलर मालमत्तेमागे मालकांचे साडेआठ-पावणेनऊ डॉलर, बाकी सगळे दुसऱ्यांचे. आता वर या: दिलेली कर्जं सुमारे १.३५ लाख कोटी. ठेवींच्या निम्म्याहून थोडी जास्त. उरलेला पैसा फेडरल रिझर्व्हकडे (म्हणजे 'फेड', अमेरिकेची मध्यवर्ती बँक), सरकारी रोख्यांत आणि बाजारातल्या व्यवहारांत.

आता या ठेवींवर बँक काय देते ते पाहा. चेज आणि बँक ऑफ अमेरिकेच्या साध्या बचत खात्याचा व्याजदर कितीतरी वर्षं ०.०१ टक्के राहिला आहे. दहा हजार डॉलर वर्षभर ठेवले तर व्याज एक डॉलर. २०२३ मध्ये सरकारी अल्पमुदतीच्या रोख्यांवर पाच टक्क्यांहून जास्त मिळत होते, तेव्हाही हा दर तिथेच होता. लोक तरीही पैसे काढत नाहीत. पगार तिथेच जमा होतो, वीजबिल तिथूनच जातं, एटीएम कोपऱ्यावर आहे. बड्या बँकेची खरी संपत्ती ही सवय आहे.

या सवयीची किंमत किती, हे २०२३ ने लख्ख दाखवलं. २०२०-२१ मध्ये व्याजदर तळाला असताना बँकांकडे ठेवींचा पूर आला आणि त्यांनी त्या पैशांतून दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे रोखे घेतले. मग फेडने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात दर शून्यालगतहून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. दर चढले की जुन्या रोख्यांची बाजारातली किंमत पडते, कारण नवे रोखे जास्त व्याज देतात. कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅली बँकेची मालमत्ता सुमारे २०९ अब्ज डॉलर. मुदतीपर्यंत ठेवायच्या रोख्यांवर तिचा कागदावरचा तोटा २०२२ अखेरीस सुमारे १५ अब्ज. बँक ऑफ अमेरिकेकडे असे रोखे सुमारे ६०० अब्ज डॉलरचे आणि २०२३ च्या तिसऱ्या तिमाहीअखेर कागदावरचा तोटा १३० अब्जांच्या वर.

तोट्याचा आकडा बघितला तर भीती बँक ऑफ अमेरिकेची वाटायला हवी होती. मग कोसळली कोण? सिलिकॉन व्हॅली बँकेचे ठेवीदार म्हणजे नव्या कंपन्या आणि त्यांच्यात पैसे गुंतवणारे फंड, सगळे एकमेकांना ओळखणारे. नव्वद टक्क्यांहून जास्त ठेवी सरकारी ठेव विम्याच्या मर्यादेबाहेरच्या (ही मर्यादा चौथ्या पायरीत). बातमी पसरली आणि ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले. दुसऱ्या दिवशी बँकेला टाळं लागलं. बँक ऑफ अमेरिकेचे ठेवीदार म्हणजे ओहायोतली शिक्षिका, टेक्सासमधला ट्रकचालक, हॉटेल चालवणारं गुजराती कुटुंब, अशी कोट्यवधी छोटी खाती. त्यांना रोख्यांच्या किमतीशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी पैसे हलवले नाहीत, म्हणून बँकेला रोखे तोट्यात विकावे लागले नाहीत, म्हणून कागदावरचा तोटा कागदावरच राहिला. उलट त्या मार्चमध्ये घाबरलेल्या ठेवी छोट्या आणि मध्यम बँकांतून निघून बड्या बँकांकडे आल्या.

गंमत वाटेल, पण या बँकेचा पायाच छोट्या ठेवीदारांवर घातलेला आहे. ए. पी. जियानिनी यांनी १९०४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इटलीहून आलेल्या कष्टकऱ्यांसाठी 'बँक ऑफ इटली' काढली. मोठ्या बँका अशा लोकांना दारातही उभं करत नव्हत्या. १९०६ च्या भूकंपानंतर शहर जळत असताना त्यांनी तिजोरीतली रोकड भाजीच्या गाडीतून बाहेर काढली आणि काही दिवसांतच धक्क्यावर दोन पिंपांवर फळी टाकून व्यवहार सुरू केले. पुढे १९३० मध्ये हिचंच नाव बँक ऑफ अमेरिका झालं.

चौथी पायरी: विम्याची रेषा

एफडीआयसी ही सरकारी संस्था १९३३ ची. महामंदीत हजारो बँका बुडाल्यावर ती आली आणि १ जानेवारी १९३४ पासून ठेवींना विमा मिळू लागला, सुरुवातीला २,५०० डॉलरपर्यंत. आज ही मर्यादा दर ठेवीदारामागे, दर बँकेमागे आणि खात्याच्या दर मालकी-प्रकारामागे २,५०,००० डॉलर आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत चार खाती काढली तर विमा चौपट होत नाही. वैयक्तिक आणि संयुक्त खातं मात्र वेगळं धरतात. भारतात ठेवींना विमा देणाऱ्या डीआयसीजीसी या संस्थेची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये आहे, म्हणजे कल्पना तीच, रेषा वेगळी.

अमेरिकेत राहत असाल तर बँकेच्या आकाराने दिपून जाऊ नका. रेषेच्या आत असाल तर चार शाखांची गावबँक आणि जेपी मॉर्गन या दोहोंत तुमची ठेव सारखीच सुरक्षित. क्रेडिट युनियनलाही (सभासदांच्या मालकीची सहकारी पतसंस्था) एवढाच विमा असतो, फक्त तो देणारी संस्था दुसरी. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याने पाहायचं ते मासिक शुल्क किती, ते कशाने माफ होतं, आणि बचतीवर दर काय. पगार बड्या बँकेत आणि बचत जास्त दर देणाऱ्या दुसऱ्या विमा असलेल्या बँकेत, अशी विभागणी तिथले बरेच जाणते लोक करतात. मला ती शहाणपणाची वाटते.

पाचवी पायरी: अर्थव्यवस्थेत या बँका नेमकं करतात काय?

'अर्थव्यवस्थेचा कणा' वगैरे शब्द बाजूला ठेवून एक धागा पकडा: फेडने दर बदलला की तो तुमच्या खिशापर्यंत येतो कसा. बँका 'प्राइम रेट' नावाचा एक दर जाहीर करतात आणि तो रिवाजाने फेडच्या वरच्या मर्यादेपेक्षा तीन टक्क्यांनी जास्त असतो. जुलै २०२३ मध्ये फेडची वरची मर्यादा ५.५० झाली तेव्हा प्राइम ८.५० झाला. बहुतेक क्रेडिट कार्डांचा आणि छोट्या व्यवसायांच्या कर्जांचा दर या प्राइमवर अमुक टक्के असा बांधलेला असतो. त्यामुळे वॉशिंग्टनमधला निर्णय कार्डाच्या पुढच्या एक-दोन बिलांत उमटतो. ठेवींच्या दरात मात्र तो, वर पाहिल्याप्रमाणे, कधीकधी उमटतच नाही. बँकांचा फायदा या तफावतीत आहे.

कर्ज देण्यात मात्र बँका एकट्या नाहीत. भारतात मोठ्या कंपनीला पैसा लागला की ती बँकेकडे जाते. अमेरिकेत ती बहुधा रोखे बाजारात जाते, आणि ते रोखे विकून देण्याचं काम याच बँकांचे गुंतवणूक विभाग करतात. अमेरिकी सरकारचे रोखेही लिलावात थेट घेऊन पुढे बाजारात फिरवणाऱ्या प्रायमरी डीलर संस्थांत जेपी मॉर्गन, सिटी, बँक ऑफ अमेरिका, गोल्डमन यांच्या कंपन्या आहेतच. गृहकर्जात तर बँकेतर कंपन्यांनी मोठा वाटा घेतला आहे. पण त्या कंपन्यांना खेळतं भांडवल पुरवणाऱ्या बहुतेक वेळा बँकाच. म्हणजे बँक समोरून मागे सरकली, व्यवहारातून गेली नाही.

पैसे इकडून तिकडे नेण्याचं कामही त्यांचंच. झेल ही लगेच पैसे पाठवण्याची सोय ज्या कंपनीची, तिच्या मालक सात मोठ्या बँका आहेत. आपल्या यूपीआयमागे एनपीसीआय ही ना-नफा तत्त्वावरची संस्था आहे. अमेरिकेत या वाटेचा मोठा भाग खाजगी बँकांनी आपापसांत बांधला. फेडची स्वतःची फेडनाऊ ही झटपट सेवा आली ती थेट जुलै २०२३ मध्ये.

सहावी पायरी: संकटात कोण कुणाला वाचवतं

१९०७ च्या घबराटीत अमेरिकेत मध्यवर्ती बँकच नव्हती. जे. पी. मॉर्गन या एका सावकाराने बाकीच्या बँकर्सना आपल्या ग्रंथालयात बसवून पैसे उभे करायला लावले. एका माणसावर देश अवलंबून असल्याचं हे चित्र बोचलं आणि १९१३ मध्ये फेडरल रिझर्व्ह स्थापन झालं.

२००८ मध्ये उलट झालं: बँकांना वाचवायला सरकार धावलं. मार्चमध्ये बेअर स्टर्न्स ही गुंतवणूक बँक जेपी मॉर्गनच्या गळ्यात पडली, शेअरमागे आधी दोन आणि मग दहा डॉलर ठरले. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. तिच्याकडे सामान्यांच्या ठेवींचा आधार नव्हता, रोजच्या रोज बाजारातून उसनवारी चालायची, आणि उसने देणाऱ्यांनी हात आखडले. दहा दिवसांत वॉशिंग्टन म्युच्युअल बुडाली, सुमारे ३०७ अब्ज मालमत्तेची. अमेरिकेच्या इतिहासातली ती सर्वात मोठी बुडालेली बँक, आणि तीही जेपी मॉर्गनकडे गेली. मेरिल लिंच बँक ऑफ अमेरिकेने घेतली, वाकोव्हिया ही बँक वेल्स फार्गोने. सिटीला सरकारने एकूण ४५ अब्ज डॉलरचं भांडवल दिलं. गोल्डमन आणि मॉर्गन स्टॅनली एका रात्रीत फेडच्या छत्राखालच्या बँक-कंपन्या झाल्या. बँकांना दिलेले सरकारी पैसे एकूणात लाभासह परत आले, हे खरं आहे. पण ज्या लाखो कुटुंबांची घरं जप्त झाली, त्यांच्यासाठी अशी धावपळ कुणी केली नाही. हा हिशेब अमेरिकेने अजून चुकता केलेला नाही, असं मला मनापासून वाटतं.

२०२३ मध्ये पुन्हा तोच क्रम. फर्स्ट रिपब्लिक बँक डळमळू लागली तेव्हा १६ मार्चला अकरा मोठ्या बँकांनी मिळून तिच्याकडे ३० अब्ज डॉलरच्या ठेवी ठेवल्या. तरी ती टिकली नाही. १ मे रोजी तीही जेपी मॉर्गनकडे गेली. पहिल्या पायरीतला बुडणाऱ्या बँकेचा अपवाद तो हाच. सिलिकॉन व्हॅलीच्या विमाबाह्य ठेवीदारांनाही सरकारने पूर्ण पैसे दिले आणि त्याचा खर्च मुख्यतः मोठ्या बँकांकडून वसूल केला. जेपी मॉर्गनने त्यापोटी २.९ अब्ज डॉलर खर्ची टाकले. 'बुडू देता येणार नाही इतकी मोठी' बँक ही काळजी २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने कमी केली: दरवर्षीच्या स्ट्रेस टेस्ट (मोठं संकट आलं तर बँक टिकेल का, याची चाचणी) आल्या, भांडवल वाढलं. पण प्रत्येक वादळानंतर सर्वात मोठी आणखी मोठी होते, हे थांबलेलं नाही.

मोठ्या बँकेला लगाम घालता येतो याचं एक ठोस उदाहरण मात्र आहे. वेल्स फार्गोच्या कर्मचाऱ्यांनी विक्रीची अशक्य लक्ष्यं गाठण्यासाठी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडल्याचं सप्टेंबर २०१६ मध्ये उघड झालं. दंड झाला, प्रमुख जॉन स्टंफ यांना जावं लागलं. पण खरा फटका बसला फेब्रुवारी २०१८ मध्ये, जेव्हा फेडने सांगितलं की कारभार सुधारेपर्यंत मालमत्ता सुमारे १.९५ लाख कोटींच्या वर न्यायची नाही. ही मर्यादा उठली जून २०२५ मध्ये, सात वर्षांनंतर. तेवढ्यात जेपी मॉर्गन कितीतरी पुढे निघून गेली. दंड बँका नफ्यातून भरून टाकतात. वाढ रोखली की दुखतं.

सातवी पायरी: आता एक अहवाल उघडा

बँकेच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांसाठीचा विभाग असतो. निकालाच्या दिवशी तिथे तीन गोष्टी मिळतात: निवेदन, आकड्यांची पुरवणी आणि सादरीकरण. पुरवणी उघडा, निवेदनात बँक स्वतःचं कौतुक करते, पुरवणीत आकडे असतात. सविस्तर तिमाही अहवाल '१०-क्यू' आणि वार्षिक '१०-के' हे एसईसी या अमेरिकी शेअर बाजार नियामकाच्या एडगर या मोफत संग्रहातही सापडतात. गावातली छोटी बँक तपासायची तर एफडीआयसीची 'बँकफाइंड' ही शोधसेवा आहे.

आधी सरासरी ठेवी आणि त्यांवर दिलेला सरासरी दर पाहा, मागच्या तिमाहीशी ताडून. मग निव्वळ व्याज उत्पन्न, म्हणजे मिळालेलं व्याज वजा दिलेलं व्याज. त्यानंतर बुडीत काढलेली कर्जं आणि तरतूद, ही दोन वेगवेगळी वाचा, कारण इथेच नवखा फसतो. बुडीत म्हणजे गेलेले पैसे. तरतूद म्हणजे जातील असा बँकेचा अंदाज. २०२० च्या पहिल्या दोन तिमाहींत करोनाच्या भीतीने जेपी मॉर्गनने मिळून १८ अब्जांहून जास्त तरतूद केली. सरकारी मदतीमुळे कर्जं फारशी बुडाली नाहीत, म्हणून २०२१ मध्ये ती बरीचशी परत घेतली आणि त्या वर्षाच्या नफ्यात त्यामुळे सुमारे नऊ अब्ज डॉलरची भर पडली. मथळ्यात विक्रमी नफा दिसला. धंद्याने कमावलेला त्यातला किती, ते तरतुदीची ओळ वाचणाऱ्यालाच कळलं.

शेवटी भांडवलाचं प्रमाण, ज्याला 'सीईटी-१' म्हणतात. यात मालमत्ता जोखमीनुसार तोलून घेतात: सरकारी रोखा हलका, कार्डाचं कर्ज जड. २०२४ अखेरीस जेपी मॉर्गनचं हे प्रमाण १५.७ टक्के होतं. तिसऱ्या पायरीत आपण काढलेलं प्रमाण साडेआठ-पावणेनऊच्या घरात होतं, आणि दोन्ही बरोबर आहेत. तोललेला आकडा नियामकासाठी असतो. न तोललेलाही नजरेखालून घालत जा, कारण २०२३ मध्ये हलके समजले गेलेले सरकारी रोखेच जड गेले. विमाबाह्य ठेवींचा आकडा १०-के मध्ये असतो, तो शोधूनच काढा.

पहिल्यांदा एकच बँक घ्यायची तर मी वेल्स फार्गो सुचवेन. तिचा धंदा तुलनेने सरळ आहे, ठेवी आणि कर्जं, जगभरचा पसारा कमी. शिवाय वाढीवरची मर्यादा जून २०२५ मध्ये उठल्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या तिमाहींचे ठेवींचे आणि कर्जांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले की सात वर्षं अडवलेली बँक मोकळी झाल्यावर काय करते, हे तुम्हाला दर तीन महिन्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल.